एकपानीच्या चाळीस कुंड्या

ठाणे,
रविवार, १४ जुलै १८८९

प्रिय कॉस्मास,

सकाळी देवळात मिस्सा ऐकून आले, पापांना पेज वाढली आणि ओटीवर कागद घेऊन बसले आहे. पत्र लांबणार आहे. तेव्हा कारखान्यात जायच्या घाईत फोडू नकोस, सुट्टीच्या दिवशी निवांत वाच. पापा बरे आहेत, पण उजवा गुडघा आता वाकतच नाही. देवळात गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मागच्या बाकावर बसतात आणि पाद्रीबाबांकडे असे बघतात, जणू दुखणं त्यांनीच दिलं आहे. बागेत खुर्ची टाकून बसतात आणि बसल्या जागेवरून माळ्यांवर ओरडतात. आवाज अजून तोच आहे, घोडबंदरच्या रस्त्याने जाणारे बैल थबकतात. आईच्या थडग्यावरचा क्रूस कलला होता, तो मी सरळ करून घेतला.

तू कराचीला गेलास त्याला आता आठ वर्षं होतील. तुझ्या ओळखीची शेठाणीबाईंची बाग म्हणजे गुलाबाचे वाफे, मोगरा आणि विहिरीपासची आंब्याची कलमं. शेठ वारल्यावर बाई वर्षभर बंगल्याबाहेर पडल्या नाहीत. मग कुणीतरी मुंबईहून त्यांना फुललेलं एक ऑर्किड आणून दिलं, लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत बसवलेलं, आणि त्या फुलापायी बाई पुन्हा बागेत यायला लागल्या. ऑर्किड म्हणजे काही विलायती जिन्नस नव्हे रे. आपण लहानपणी येऊरच्या रानात ऐनाच्या न् आंब्याच्या फांद्यांवर जी झुपकेदार पानं बघायचो आणि सरसकट बांडगुळं म्हणायचो, त्यांतली निम्मी ऑर्किडंच होती. ती झाडाचं काही खात नाहीत, नुसती बसायला जागा घेतात. आणि काही जमिनीतून येतात, कंदापासून. बाईंनी पापांना बोलावून सांगितलं, "मार्सेल, आपल्या रानात आहेत तेवढी सगळी मला बागेत हवीत."

पापा बावीस वर्षं त्या बागेचे मुख्य माळी. त्यांचा नियम तुला पाठ असेल: "फूल दाखव, मग नाव विचार." गुलाबाला तो नियम चालतो. रानातल्या ऑर्किडला चालत नाही, कारण फूल असतं पंधरा-वीस दिवस आणि बाकी वर्षभर नुसती पानं. शिवाय फुललेलं रोप झाडावरून काढलं तर बहुतेक मरतं. काढायचं ते कोरड्या दिवसांत, ते निजलेलं असताना. आणि तेव्हा फूल नसतं. पापा फुलांच्या दिवसांत झाडांना चुन्याच्या खुणा करून यायचे, पावसात खुणा धुऊन जायच्या, आणि उन्हाळ्यात आम्ही भलतीच रोपं उतरवून आणायचो.

टिटवाळ्यापलीकडे डोंगराच्या अंगाला ठाकरांची एक वस्ती आहे. तिथली सगुणा कल्याणच्या बाजारात मध आणि शिकेकाई विकायला यायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अंगाने काटक, बोलणं मोजकं. पापांनी तिला रानाची वाट दाखवायला धरलं आणि पुढे त्यांचा गुडघा कुरकुरायला लागल्यावर तिच्याबरोबर मी जायला लागले. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "बाय, तू माणसाला वळखतीस ती त्यानं हसून दाखवल्यावरच व्हय?" मग तिने एकेक फांदी खाली ओढून माझी बोटं पानांवर फिरवली. एका जातीची पानं बोरूसारखी गोल. एकीची पन्हळीसारखी दुमडलेली, टोकाला तीन बारीक दात. सीतेच्या वेणीची पानं लांब, त्यांवर फिकट रेघा, टोक उंदराने कुरतडल्यासारखं तिरकं. एक जात तर उन्हाळ्यात पानंच टाकते, नुसत्या सुक्या कांड्या राहतात, माळी त्यांना मेलेली समजून चुलीत घालायचे. तीन वर्षांत मी इतकी तयार झाले की खाली उभी राहून वरच्या फांदीवरचं नाव सांगायची. सगुणा मान हलवायची किंवा नाही हलवायची. तिने नाही हलवली की मी झाडावर चढायची. हो, चढायची. हसू नकोस.

माझ्या चुकाही झाल्या. एकदा सीतेची वेणी म्हणून बारा रोपं उतरवली, लहान होती, आणि त्यांतली पाच पुढे दुसरीच निघाली. तेव्हापासून लहान रोपाबद्दल मी "ठाऊक नाही" असं सांगते आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. पण जे ठाऊक आहे ते सांगायलाही आता लाज वाटत नाही. इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

गेल्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पापा हट्टाने आमच्याबरोबर आले. कल्याणपर्यंत गाडीने, पुढे बैलगाडीने, शेवटचा चढ काठी टेकत. ऑगस्टात मुंबईला फुलांचं मोठं प्रदर्शन होतं आणि बाईंना तिथे कुणी पाहिलेलं नाही असं काहीतरी मांडायचं होतं. बांबूच्या बेटाखाली ओलसर उतारावर पापा एकदम थांबले. जमिनीतून पानं वर आलेली, प्रत्येक रोपाला एकच पान, पिंपळाच्या पानासारखं, शेकड्यांनी. पापांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मी हे ओळखतो. एक पान, त्याच्या मधोमध दांडा, दांड्यावर पांढरं फूल. मागे एका पावसाळ्यात मोहन्याला नदीकाठच्या माळावर बघितलंय. पंधरा दिवसांत फुलतील."

मी खाली बसले आणि पान हातात घेतलं. पापा सांगत होते ते फूल मीही पाहिलेलं आहे. पण त्याचं पान जमिनीला चिकटून पसरतं, बशीसारखं, गुळगुळीत, देठ जवळजवळ नाहीच. माझ्या हातातलं पान बोटभर देठावर उभं होतं आणि देठापासून कडेपर्यंत त्याला घड्या होत्या, मिटलेला पंखा अर्धवट उघडावा तशा. सगुणा म्हणाली, "ही एकपानी. हिचं फूल होऊन गेलं, बाय. आधी फूल येतं, भुईतून, पान नसताना. ते सुकलं की मग पान. आता औंदा काय नाही." पापा हसले. त्यांनी बांबूच्या मुळांमधून चाळीस कंद पानांसकट खणून घेतले. मी वाटेत तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून मी माती उकरतोय, क्लेमेंटिना."

बागेत आल्यावर मी गप्प बसायला हवं होतं असं तुला वाटेल. मी बसले नाही. बाई कुंड्या बघायला आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर सांगितलं की यांना या वर्षी फूल येणार नाही, प्रदर्शनाला दुसरं काही न्यावं. पापांचे कान लाल झाले. सगळे माळी उभे होते. पापा म्हणाले, "हिला एका ठाकरणीने शिकवलंय, आणि मला तुमच्या सासऱ्यांनी नेमलंय. कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा." बाईंनी पापांचं ऐकलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही ऐकलं असतं, बावीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

ऑगस्टात चाळीस कुंड्या मुंबईला गेल्या. पुढे पाटी होती, त्यावर बाईंनी सुंदर अक्षरांत लिहवून घेतलं होतं की ठाण्याच्या रानातलं पांढरं फूल. आणि कुंड्यांत चाळीस हिरवी पानं. बघायला येणारे लोक पानं उचलून खाली फूल शोधायचे आणि हसून पुढे जायचे. एका गृहस्थाने मोठ्याने विचारलं की ही पालकाची भाजी का? बाई दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला गेल्याच नाहीत. पापा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ते माझ्यावर रागावले नव्हते. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं, एवढंच. ते मला त्यांच्या रागापेक्षा जड गेलं.

सप्टेंबरात बाईंनी मला एकटीला बंगल्याच्या पायऱ्यांपाशी बोलावलं. "तू कशावरून म्हणालीस?" एवढंच विचारलं. मी त्यांना पान दाखवलं. घड्या दाखवल्या, देठ दाखवला. बाई म्हणाल्या, "यावर विश्वास कसा ठेवायचा? पानावर काही लिहिलेलं नसतं." मी म्हटलं, "बाई, लिहिलेलं असतं. कुंड्या माझ्या ताब्यात द्या. दिवाळीपर्यंत पानं वाळून जातील, नुसती माती राहील. ती टाकू नका. पुढच्या जूनमध्ये त्याच मातीतून, पान नसताना, फुलं काढून दाखवीन." बाईंनी विचारलं, नाही आली तर? मी म्हटलं की मग मी बागेत पाय ठेवणार नाही. कॉस्मास, बोलून गेल्यावर शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

झालंही तसंच. नोव्हेंबरात पानं पिवळी पडली, मग कागदासारखी झाली, मग नाहीशी. मी चाळीस कुंड्या रोपगृहातल्या फळीखाली सावलीत ओळीने लावल्या आणि पाणी तोडलं. माळी येता-जाता विचारायचे, "काय क्लेमेंटिनाबाय, माती वाढतेय का?" नाताळात पंढरी माळ्याने एका कुंडीत गंमत म्हणून झेंडूचं फूल खोचून ठेवलं. सगळे हसले, मीही हसले. पापा मात्र हसले नाहीत. ते फळीकडे बघायचेच नाहीत, त्या बाजूने जायचं झालं तर वळसा घालायचे. मार्चमध्ये मी एका कुंडीची माती उकरून बघितली. कंद सुपारीएवढा, पांढरा, घट्ट. त्याच्या अंगाला दोन नवे कंदही धरले होते. पुन्हा झाकून ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मला शांत झोप लागायला लागली.

मेच्या पंचविसाव्या तारखेला मी पाणी द्यायला सुरुवात केली. थोडं थोडं, सकाळी, हाताने शिंपडून. सहा दिवस काही नाही. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी सगुणा मुद्दाम टिटवाळ्याहून आली, फळीखाली वाकली, मातीचा वास घेतला आणि म्हणाली, "दम धर." तेवढंच बोलून चहा न घेता गेली. तेराव्या दिवशी, शुक्रवारी, अकराव्या कुंडीत मातीला चीर पडली आणि त्यातून फिकट, गुलाबीसर टोक वर आलं. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. रविवारपर्यंत सतरा कुंड्यांतून दांडे निघाले, बुधवारपर्यंत एकतीस. पान एकालाही नाही. उघडी माती, त्यातून वीतभर दांडा, आणि दांड्याला खाली माना घातलेली पाच-सहा फुलं, पोपटी पिवळी, ओठावर जांभळ्या रेघा. नऊ कुंड्या आल्या नाहीत, त्यांतले कंद बहुधा खणताना दुखावले होते. फूल काही डोळे दिपवणारं नव्हे, खोटं कशाला सांगू. पण बाई आल्या आणि कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पान कुठे आहे?" मी म्हटलं, "येईल. जुलैमध्ये." त्या एकदम मोठ्याने हसल्या. शेठ गेल्यापासून बाईंचं असं हसणं बागेत कुणी ऐकलं नव्हतं.

पापांना मी बोलावलं नाही. ते दुपारी आपणहून आले, काठी टेकत, थेट फळीपाशी. सगळे माळी हातातलं काम टाकून बघत होते. पापांनी वाकायचा प्रयत्न केला, गुडघा वाकेना, मग काठी टाकली आणि पाय लांब करून सरळ जमिनीवर बसले. एकेक दांडा बघितला. बोटाने माती चाचपली, पान कुठे दडलं आहे का म्हणून. मग मला म्हणाले, "तू हे नुसतं पानावरून सांगितलेलंस?" मी म्हटलं, "पानावरून. आणि सगुणाने सांगितलं म्हणून." त्यांनी पंढरीला हाक मारली, इतरांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या त्या बैल थांबवणाऱ्या आवाजात म्हणाले, "गेल्या साली मी चुकलेलो. पोरगी बरोबर होती. सगळ्यांनी ऐकलंत ना? मग कामाला लागा." त्यांना उठवायला दोघे लागले. त्या दिवसापासून रोज सकाळी ते मला एकेक पान आणायला लावतात, डोळे मिटून बोटाने चाचपतात आणि नाव सांगतात. निम्म्या वेळा चुकतात. चुकले की पानावरच चिडतात.

आता, हे सगळं तुला आजच का लिहिते आहे ते सांगते. मेमध्ये तुझं पत्र पापांना आलं. त्यात होतं: कराचीची हवा डोरोथीला सोसत नाही, कारखान्यात मन लागत नाही, तुमचा गुडघा गेलाच आहे, तर नोकरी सोडून मुलाबाळांसह येतो, तुमची जागा बाईंकडून मला मिळवून द्या, माळ्याच्या घरात आम्ही राहू, आणि क्लेमेंटिनाला वसईला सबीनामावशीकडे पाठवा, तिचं तिथे बरं चालेल. कॉस्मास, पापांना वाचता येत नाही. आठ वर्षं तुझी पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते. त्या ओळी मी मोठ्याने वाचल्या, एकही शब्द गाळला नाही. पापा म्हणाले, लिही त्याला, ये म्हणावं. मी लिहिलं, त्यांचा अंगठा घेतला, पण टपालात टाकलं नाही. दोन महिने तुला उत्तर मिळालं नाही, त्यात टपालाचा दोष नाही, माझा आहे. फुलं आल्यावर संध्याकाळी मी ते पत्र पापांपुढे ठेवून सगळं कबूल केलं. मला वाटलं काठी उगारतील. ते म्हणाले, "मी त्या दिवशी घाई केली. दुसरं लिही. आणि हेही त्याला पाठव, त्याला कळू दे." म्हणून ते पत्र सोबत जोडलं आहे, वाच आणि माझ्यावर रागवायचं तेवढं रागव, तो तुझा हक्क आहे. पण नोकरी सोडू नकोस. पापा स्वतः बाईंकडे गेले, आणि एक ऑगस्टपासून मुख्य माळ्याची जागा मला मिळाली आहे, राहत्या घरासकट. पापा इथेच राहतील, खुर्चीत, ओरडत. मी वसईला जाणार नाही. तुम्ही सगळे नाताळाला या, पुढची खोली तुमच्यासाठी लिंपून ठेवते, मुलांना रानात नेईन. आणि कराची खरोखरच सोसत नसेल, तर बागेत तुलाही काम आहे, मनापासून सांगते. माझ्या हाताखाली करावं लागेल, आणि पहिलं वर्षभर मातीला पाणी घालावं लागेल, तक्रार न करता. काय ते ठरवून लिही. पापांना नको, या वेळी मला लिही.

तुझीच मोठी बहीण,
क्लेमेंटिना